विधवा प्रथा बंदी : ठराव कसा करायचा आणि तो पाळला कसा जाईल

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचा तो महिना होता. १७ मे २०२२ ला ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढलं आणि बाकीच्या ग्रामपंचायतींनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा, असं कळवलं. शेजारच्या हातकणंगले तालुक्यातल्या माणगावनं तर लगेच तसा ठराव केला. शाहू महाराज आणि डॉ. आंबेडकर ज्या परिषदेला एकत्र आले, ती १९२० ची परिषद जिथे भरली, तेच हे माणगाव. मग राज्यभर अनेक गावांनी ठराव घेतले, फोटो काढले, बातम्या आल्या.

त्यातले कितीतरी ठराव इतिवृत्ताच्या वहीतच राहिले. ठराव एका दुपारी होतो. प्रथा मोडते किंवा टिकते ती माणूस गेल्यापासून तिरडी उचलेपर्यंतच्या दोन-तीन तासांत, आणि त्या तासांची तयारी कोणी करत नाही. म्हणून इथे ठरावाइतकंच त्या तासांबद्दल आणि पुढच्या तेरा दिवसांबद्दल सविस्तर लिहिलं आहे. शहरातल्या सोसायटीला किंवा एखाद्या कुटुंबालाही यातलं बरंच वापरता येईल.

आधी गावातल्या चालीरीती समजून घ्या

‘विधवा प्रथा’ असं मोघम म्हटलं की सगळे माना डोलावतात आणि कोणाला काहीच करावं लागत नाही. आपल्या गावात नेमकं काय होतं, कधी होतं आणि कोणाच्या हातून होतं, हे लिहून काढा. जातीजातीत, आळीआळीत फरक असतो.

साधारण चित्र असं. प्रेताला अंघोळ घातली की बायकोला बाहेर आणतात. काही ठिकाणी तिला शेवटचं म्हणून ठसठशीत कुंकू लावतात, हिरव्या बांगड्या भरतात, गजरा माळतात आणि लगेच तेच सगळं उतरवतात. कुंकू पुसतात, मंगळसूत्र तोडतात, बांगड्या दगडावर किंवा तिरडीच्या बांबूवर आपटून फोडतात, जोडवी ओढून काढतात. हे करणाऱ्या बहुधा भावकीतल्या वडीलधाऱ्या विधवा असतात. म्हणजे ज्यांच्यावर हे एकदा होऊन गेलंय, त्यांच्याच हातून पुढच्या बाईवर होतं. काही समाजांत हाच प्रकार दहाव्याला नदीवर किंवा तेराव्याला घरी होतो. तिथे पहिल्या दिवशीच पहारा ठेवून उपयोग नाही, दहावा निसटतो.

यादी करताना तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहा: अंत्यविधीच्या वेळचं, दहाव्या-तेराव्याचं आणि वर्षभराचं. वर्षभराच्या यादीत हळदी-कुंकू, ओटी, डोहाळजेवण, बारसं, घरभरणी, लग्नातली हळद आणि देवक, नवरात्रातली सवाष्ण या गोष्टी येतील. ही यादी महिला सभेतच करायची. पुरुषांच्या सभेत ‘आमच्याकडं असलं काही नसतं’ हेच उत्तर मिळतं, कारण बांगड्या फुटतात तेव्हा पुरुष लाकडांच्या आणि गाडीच्या गडबडीत असतात.

मुस्लिम घरांत इद्दत, म्हणजे नवरा गेल्यावर बाईनं पाळायचा काळ, हा वेगळा विषय आहे, चार महिने दहा दिवसांचा. त्यात ठरावानं हात घालायचं कारण नाही. मात्र काळी पोत तोडणं, बांगड्या फोडणं हे काही भागांत त्यांच्याकडेही चालतं आणि त्याचा इद्दतीशी संबंध नाही. गावातल्या मुस्लिम बायकांना विचारून, त्या म्हणतील तेवढंच ठरावात घ्या.

ठराव

नियमित ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते. विषय त्या नोटिशीत छापून आला पाहिजे. ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून घुसवला तर पुढे कोणीही उठून ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ म्हणतो आणि त्याचं बरोबरही असतं. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. ग्रामसभेआधी महिला सभा घेणं कायद्यानंच बंधनकारक आहे. बहुतेक गावांत ती कागदोपत्री उरकतात. या वेळी ती खरोखर भरवा आणि मसुदा तिथेच पक्का करा.

गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, पण म्हणून हा ठराव तहकूब सभेत दहा-बारा जणांत उरकू नका. शंभर-दीडशे माणसांसमोर, त्यातही निम्म्या बायका असताना झालेला ठराव वेळेला कामी येतो.

सूचक आणि अनुमोदक दोघी बायकाच असाव्यात. हेरवाडमध्येही तसंच होतं. त्यात एक जण गावात शब्द चालणारी, सुना-नातवंडं असलेली सासू असेल तर फार बरं. तरुण मुलीनं मांडला की ‘शिकलेल्यांचं खूळ’ होतं. एखाद्या पारूबाईंनी मांडला की तो गावाचा होतो.

मसुदा असा करता येईल:

‘पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढून घेणे या गोष्टी आपल्या गावात अंत्यविधीच्या वेळी, तसेच दहाव्या व तेराव्या दिवशी कोणीही करणार नाही व करण्यास भाग पाडणार नाही. दागिने, कुंकू व पेहराव ठेवायचा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार फक्त त्या स्त्रीचा राहील. गावातील सार्वजनिक हळदी-कुंकू, देवीची आरती, ओटी व अन्य मंगल कार्यक्रमांचे बोलावणे सर्व स्त्रियांना सारखेच दिले जाईल. निधनाची खबर मिळाल्यापासून आठ दिवसांच्या आत पंचायतीने नेमलेले मदत पथक त्या घरी जाऊन मृत्यू दाखला, वारसनोंद व शासकीय योजनांचे अर्ज भरण्यास मदत करेल व त्याची नोंद ठेवेल.’

यातलं दुसरं वाक्य काढू नका. काही गावांच्या उत्साही मसुद्यांत ‘विधवा महिला कुंकू व मंगळसूत्र कायम ठेवतील’ असं असतं. म्हणजे काल काढण्याची सक्ती, आज घालण्याची. एखाद्या बाईला नवऱ्याच्या आठवणीनं मंगळसूत्र नको वाटेल. एखादीला मारकुट्या नवऱ्याच्या नावाचं काहीच नको असेल. तोही तिचाच निर्णय.

आणखी एक चूक हमखास होते: दंड आणि बहिष्कार. ‘प्रथा पाळणाऱ्या कुटुंबास पाच हजार दंड, अन्यथा गावाने संबंध तोडावेत’ असं लिहिलं की आपणच कायद्याच्या कचाट्यात सापडतो. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. हाच कायदा उलट बाजूनंही वापरता येतो. प्रथा न पाळणाऱ्या घराला भावकीनं किंवा जातपंचायतीनं वाळीत टाकलं, तर तक्रार याच कायद्याखाली करायची.

ठराव झाला की त्याची सही-शिक्क्याची नक्कल घ्या आणि पंचायत, देऊळ, अंगणवाडी, दूध डेअरी इथे लावा. स्मशानाच्या शेडमध्ये लावतात, त्याचा उपयोग कमी. तिथे पोचेपर्यंत घरी सगळं उरकलेलं असतं.

पहिले तीन तास

पथक पाच-सात जणींचं पुरे. आशा ताई, अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या एक-दोघी, एक विधवा, एक वयस्कर सवाष्ण आणि प्रत्येक आळीतली किमान एक. पोलीस पाटलांना माहिती असू द्या, पण त्यांनी पथकासोबत अंगणात येऊ नये. पोलीस दिसले की घर बंद होतं.

पुरुषांतलेही दोघं-तिघं हवेत. तिरडी बांधणारे, लाकडं जमवणारे ठरलेले लोक प्रत्येक गावात असतात. निधनाची पहिली खबर त्यांना मिळते. खबर मिळाली की पथकातल्या एकीला फोन करायचा, एवढंच त्यांचं काम. दुसरं काम शक्य झालं तर: ‘आता उशीर होतोय, उचला’ हे वाक्य योग्य वेळी म्हणायचं. पुरुषांनी घाई केली की बायकांच्या बाजूचा अर्धा कार्यक्रम आपोआप गळतो, हा जुनाच अनुभव आहे.

घरात गेल्यावर आधी सासूकडे जा. पथकं हे हमखास चुकवतात. सगळ्या जणी सुनेभोवती गोळा होतात आणि ज्या म्हातारीचा मुलगा गेलाय ती एकटी कोपऱ्यात राहते. नंतर ‘माझ्या पोराचं काही राहिलं नाही का’ म्हणून प्रथेचा आग्रह धरणारी तीच असते. पथकातल्या वयस्कर बाईनं तिच्याजवळ बसावं, पाणी द्यावं, रडू द्यावं. मग हळूच विषय काढावा.

दोघी जणी त्या बाईच्या दोन बाजूंना, अगदी खेटून बसतात आणि शेवटपर्यंत उठत नाहीत. तिचे हात हातात धरायचे, म्हणजे मनगटं आपल्या हातात राहतात. बांगड्या फोडायला कोणी आलं तर ओढाताण करू नका, कारण काचेनं मनगट कापतं. हात पदराखाली घ्या आणि बोला.

काय बोलायचं तेही ठरवून ठेवा, कारण आयत्या वेळी तोंडातून भाषण बाहेर पडतं. चालणारी वाक्यं साधी असतात. ‘काकू, आज काही काढायचं नाही. तेरावं होऊ दे, मग तिचं ती ठरवेल.’ ‘पोरं बघतायत हो.’ ‘गावानं ठरवलंय, तुमच्यावर बोल येणार नाही.’ या तिसऱ्या वाक्यात ठरावाचा खरा उपयोग आहे. कित्येक बायकांना प्रथा नकोच असते. ‘तू का नाही केलंस’ असं भावकी विचारेल, याची भीती असते. ठराव ती जबाबदारी गावावर घेतो.

‘आज नको, तेराव्यानंतर’ हे वाक्य कोणाला नकार देत नाही, म्हणून ते चालतं. प्रेत अंगणात असताना स्त्री-पुरुष समतेवर वाद घालून कोणी जिंकलेलं नाही. आणि तेरा दिवसांनी, पाहुणे पांगल्यावर, धडधाकट बाईच्या हातातल्या बांगड्या फोडायला सहसा कोणी येत नाही.

शेवटचं कुंकू लावून सजवण्याची पद्धत असेल तिथे तो भागच गाळायचा. ‘आहे तेच कुंकू राहू दे’ म्हणायचं. नव्यानं भरपूर कुंकू लावलं की ते पुसण्यासाठीच लावलंय, हे सगळ्यांना कळतं आणि मग हात थांबत नाहीत.

मोबाईलवर चित्रण करू नका, कोणाला करू देऊ नका. ‘आमच्या गावात प्रथा मोडली’ अशी पोस्ट त्या दिवशी तर नाहीच, पुढेही त्या घराचं नाव घालून नको.

आणि तिनंच म्हटलं, ‘काढा, मला नको काही’? तर एकदा विचारा: ‘आत्ता काढू की उद्या?’ आत्ताच म्हणाली तर तिला आत, एकांतात न्या आणि तिचं तिलाच उतरवू द्या. मंगळसूत्र तोडायचं नाही, आकड्यातून सोडायचं, डबीत घालायचं आणि डबी तिच्याच ताब्यात द्यायची. सोन्याच्या वाट्या चितेवर किंवा दुसऱ्या कोणाच्या पाकिटात जाता कामा नयेत. ते तिचं स्त्रीधन आहे.

धर्माचा प्रश्न येतो तेव्हा

येतोच. ‘शास्त्रात आहे’ म्हणणारा एक तरी भेटतो. त्याला ‘शास्त्रात असलं काही नाही’ असं ठोकून देऊ नका, कारण विधवेवर निर्बंध घालणारी वचनं आहेत. स्कंदपुराणातल्या काशीखंडात विधवेनं केस वाढवू नयेत असं सांगितलंय आणि त्याच आधारावर पिढ्यान्‌पिढ्या केशवपन चाललं. ते थांबावं म्हणून कामगारनेते नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत न्हाव्यांना संघटित केलं आणि त्यांनी विधवांचे केस कापायला नकार दिला. आज प्रथा पाळणारं घरही केशवपन करत नाही. ‘ते सोडलं तेव्हा धर्म बुडाला का?’ एवढाच प्रश्न शांतपणे विचारा.

दुसरा मुद्दा भटजींकडून वदवून घेतलेला बरा. अग्नी देणं, अस्थिसंचय, दहाव्याचं पिंडदान, तेराव्याचं श्राद्ध हे विधी त्यांच्या पोथीप्रमाणे होतात. बांगड्या फोडणं हा त्या विधीतला टप्पा नाही, तो लोकाचार आहे. तो गाळल्यानं कोणाचं पिंड अडत नाही. गावातले भटजी, जंगम, गुरव यांना ठरावाआधीच भेटा. त्यांची दक्षिणा बांगड्यांवर अवलंबून नसते, त्यामुळे ते सहसा विरोध करत नाहीत. फक्त विचारल्याशिवाय बोलतही नाहीत. कावळा शिवला नाही तर ‘प्रथा मोडली म्हणून’ अशी कुजबुज दहाव्याला होते. तेव्हा दर्भाचा कावळा करून पुढचा विधी उरकायला भटजींना आधीच सांगून ठेवा.

वारकरी घरांत एक सोपी वाट असते. बुक्का स्त्री-पुरुष, सधवा-विधवा सगळेच लावतात. कुंकवाला घाबरणाऱ्या घरात सुरुवातीला बुक्का चालतो. पण विधवांना बुक्का आणि बाकीच्यांना कुंकू अशी विभागणी हळदी-कुंकवात कोणी सुरू केली, तर ती तिथेच थांबवा.

तेरा दिवसांतली कागदपत्रं

कुंकवाच्या चर्चेत हे मागे पडतं. आमच्या मते ते कुंकवाच्या आधी येतं. सात-बारावर नाव नसलेली बाई कुंकू लावून सासरी राहिली, तरी ती कोणाच्या तरी मेहेरबानीवरच राहते.

पहिला नियम: पथकानं भरून दिलेले अर्ज सोडले तर तेरा दिवसांत कोणत्याही कागदावर सही किंवा अंगठा नाही. ‘मयताचं काम आहे, इथं सही कर’ म्हणत कोरा स्टॅम्पपेपर किंवा हक्कसोडपत्र पुढे येतं. शेतजमिनीचा, घराचा हक्क सोडायचा तर नोंदणीकृत दस्त लागतो, त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे जावं लागतं. म्हणून ‘नंतर ऑफिसात जाऊन करू’ हे उत्तर कायद्यालाही धरून आहे.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करा. दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदमच घ्या, प्रत्येक अर्जाला एक लागते. दाखल्यावरचं नाव आधारवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळतंय का ते तिथेच पाहा. ‘बाळासो’ आणि ‘बाळासाहेब’ एवढ्या फरकावर विम्याचा दावा अडकतो.

वारसनोंद तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे. कायद्यानुसार तीन महिन्यांच्या आत कळवायचं असतं. अर्ज ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइनही करता येतो. अर्जात सगळे वारस लिहा. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे विधवा, मुलगे, मुली आणि मयताची आई हे पहिल्या वर्गातले वारस. वडील त्यात येत नाहीत. मृत्युपत्र नसेल तर मयताच्या वाट्याचे समान भाग होतात. बायको, एक मुलगा, एक मुलगी आणि आई असतील तर प्रत्येकाला पाव हिस्सा. आईचा, म्हणजे सासूचा, हिस्सा लपवू नका. तो तिला मिळतो हे आधीच सांगितलं की तिचा विरोध निम्मा होतो.

फेरफाराची नोंद झाली की हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. प्रमाणित झाल्यावर नवा सात-बारा काढा आणि नीट वाचा. दोन गोष्टी हमखास बिघडतात. मुलं अज्ञान, म्हणजे अल्पवयीन असतील तर त्यांच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालनकर्ता) लिहून पालकाचं नाव येतं. तिथे चुलत्याचं नाव लागलेलं दिसलं तर लगेच हरकत घ्या, कारण वडिलांनंतर नैसर्गिक पालक आईच असते. दुसरं म्हणजे आईचं नाव फक्त ‘अ.पा.क.’ म्हणून लागतं आणि वारस म्हणून तिचं स्वतःचं नाव राहूनच जातं. मुलं सज्ञान झाली की मग तिचं नाव सात-बारावर कुठेच उरत नाही. घराची नोंद वेगळी असते, पंचायतीच्या नमुना ८ ला. तिथे वेगळा अर्ज करा. सात-बारावर नाव लागलं म्हणून घरावर आपोआप लागत नाही.

मग बँकेचं पासबुक. मे अखेर-जूनच्या सुमारास ४३६ रुपये किंवा २० रुपये कापले गेलेत का ते पाहा. ४३६ म्हणजे जीवनज्योती विमा, कोणत्याही कारणानं मृत्यू झाला तरी दोन लाख. २० म्हणजे सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला दोन लाख. कित्येक घरांना हे पैसे कापले जातात हेच माहीत नसतं आणि दावा करायचा राहून जातो. शेतकरी अपघातात गेला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचा प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत द्यायचा असतो. ही मुदत तेराव्याच्या गडबडीत हमखास हुकते, म्हणून पथकातल्या एकीनं हीच तारीख लिहून ठेवावी.

दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २० हजार मिळतात. वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून महिना १,५०० रुपये. अर्ज तहसीलमध्ये किंवा सेतू केंद्रात. उत्पन्नाचा दाखला काढताना सासऱ्याचं एकत्र उत्पन्न धरलं की अर्ज बाद होतो. रेशनकार्ड वेगळं करायचं का, हा विचार म्हणून आधी करावा.

घराबाहेर काढायचा प्रयत्न झाला तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे. घर सासऱ्याच्या नावावर आहे एवढ्या कारणावरून तिला हाकलता येत नाही. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर पथकाकडे लिहिलेला असावा.

वर्षभराचं : हळदी-कुंकू आणि लग्न

‘विधवांसाठी खास हळदी-कुंकू’, बॅनर, पाहुणे, सत्कार हा प्रकार आता सगळीकडे दिसतो. हेतू चांगला असतो, पण बाई त्यात पुन्हा विधवा म्हणूनच उभी राहते. एक-दोनदा गावाची भीड मोडायला ठीक. खरी जागा म्हणजे संक्रांतीचं नेहमीचं, घरातलं हळदी-कुंकू.

बोलावणं इतरांसारखंच, त्याच मुलीच्या हातून, त्याच दिवशी. आल्यावर बसायची जागा वेगळी नाही. सुरुवात एखाद्या वडीलधाऱ्या विधवेपासून करा. शेवटी ‘आता यांनाही लावूया’ असं झालं की सगळं फसतं. करंडा पुढे करून ‘लावू ना?’ एवढं विचारा. हो म्हणाली तर लावा. नको म्हणाली तर आग्रह नाही, अत्तर-गुलाबपाणी द्या. वाण आणि तिळगूळ मात्र सारखाच. कुंकू न लावता नुसतं वाण हातात ठेवून वाटेला लावणं हे न बोलावण्यापेक्षा वाईट, आणि ते सर्रास होतं.

लग्नात अडचण देवक बसवताना येते. विधवा आईला बाजूला करून काका-काकूंना बसवतात. आईला बसायचं असेल तर किमान पंधरा दिवस आधी भटजींशी बोला. मांडवात आयत्या वेळी विचारलं की ते ‘पद्धत नाही’ म्हणून मोकळे होतात. तयार नसतील तर दुसरे पाहा. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीनं स्त्री पुरोहित घडवलेत आणि त्यांच्या पद्धतीत असा विधी अडत नाही. पत्रिकेत सगळ्याच बायकांच्या नावामागचं ‘सौ.’ काढून टाका. एकीच्याच नावापुढे ‘गं. भा.’ किंवा ‘श्रीमती’ छापलं की पत्रिकाच जाहिरात करते. २०२३ मध्ये सरकारी पातळीवरच ‘गंगा भागीरथी’ हा शब्द वापरण्याची चर्चा निघाली होती. विरोध इतका झाला की ती तिथेच राहिली.

पुनर्विवाहाबद्दल एकच सांगायचं. पहिल्या नवऱ्याकडून वारसानं आलेला हिस्सा पुन्हा लग्न केल्यानं जात नाही. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्यात तो जात असे, आता तो कायदाच रद्द झाला आहे. गावात मात्र अजून ‘लग्न केलंस तर जमीन सोड’ हेच चालतं. विधवा म्हणून मिळणारं अनुदान मात्र लग्नानंतर बंद होतं, ते आपणहून कळवावं.

नोंदवही, आणि मुंबईहून येणारी गाडी

पथकानं एक साधी वही ठेवावी. निधनाची तारीख, पथक किती वेळात पोचलं, काय थांबलं, काय थांबलं नाही, दाखला, वारसनोंद, विमा, अनुदान एवढे रकाने पुरेत. घराचं नाव घालू नका, अनुक्रमांक घाला. दर महिला सभेत ही वही वाचायची. ‘काय थांबलं नाही’ हा रकाना सगळ्यांत जपून भरा. सलग कोरा दिसला तर बहुधा कोणी खरं लिहीत नाहीये.

सगळ्यांत जास्त फसगत होते ती मुंबई-पुण्यात गेलेल्या माणसाच्या वेळी. गाडी रात्री-अपरात्री गावात येते, भावकी आधीच जमलेली असते, पाण्याचे हंडे तापलेले असतात आणि तासाभरात उचलायचं असतं. बायको गाडीतून उतरते तीच गर्दीत. पथक सकाळी येऊन काही उपयोग नाही. अशा वेळी फोन गाडीत बसलेल्या माणसाला करायचा, बहुधा तिच्या भावाला किंवा दिराला, आणि गाडी घाट उतरायच्या आत. त्याला सांगायचं: उतरल्यावर तिला थेट आतल्या खोलीत न्या, सोबत अमुक दोघी असतील. त्या दोघींनी गाडी यायच्या अर्धा तास आधी घरात जाऊन सासूजवळ बसलेलं असावं.